किनाऱ्यावरची गाडी सकाळी चटकन सुरू व्हावी म्हणून

दापोलीत जानेवारीच्या पहाटे शाल लागते खरी, पण तेवढ्या थंडीने धडधाकट गाडी अडत नाही. मालवण-रत्नागिरीकडे ती सकाळी हटून बसते ती बहुधा खाऱ्या, दमट हवेमुळे. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरा-हिरवा बुरा चढतो आणि सेल्फला (इंजिन फिरवणाऱ्या स्टार्टर मोटरला) पुरेसा करंट पोचत नाही. थंडीत बॅटरीचा जोर थोडा उतरतो, तेव्हा हे दुखणं उघडं पडतं.

आधी रोजची रीत. हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला आणा, क्लच पूर्ण दाबा. एसी आणि हेडलाइट बंद. चावी एका झटक्यात शेवटपर्यंत फिरवू नका, ‘ऑन’वर दोन-तीन सेकंद थांबा. पेट्रोल गाडीत मागच्या बाजूने बारीक गुणगुण येते, तो टाकीतला पंप पाइपात दाब भरत असतो. डिझेलला स्प्रिंगच्या आकाराचा पिवळा दिवा विझू द्या. डिझेल दाबलेल्या हवेच्या उष्णतेवर पेटतं आणि गार इंजिनाचा धातू तीच उष्णता ओढून घेतो. हीटर प्लग असतात ते यासाठी; ते तापले की दिवा विझतो. फारच गारठा असेल तर चावी बंद करून पुन्हा ‘ऑन’ करा, दिवा दुसऱ्यांदा विझू द्या.

मग अ‍ॅक्सिलरेटरला पाय न लावता सेल्फ मारा. चोक ओढून पाय मारायची सवय कार्ब्युरेटरच्या जमान्यातली. दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, नाहीतर स्टार्टर तापतो. नाही लागली तर अर्धा मिनिट थांबा. लागली की अर्धं-एक मिनिट तशीच चालू द्या. रेस करू नका, ऑइल वरपर्यंत पोचायचं असतं. पहिले दोन-तीन किलोमीटर हलक्या पायाने.

नाहीच लागली तर कान द्या. ‘टकटकटकटक’ आणि दिवे मंद म्हणजे बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनल खराब. एकच ‘टक्’ आणि दिवे लख्ख, तर संशय सेल्फवर. सेल्फ झकास फिरतो पण इंजिन पकडत नाही, तर बॅटरीला बोल लावू नका. इंधन किंवा ठिणगी बघा. महिनाभर उभ्या गाडीत उंदरांनी वायर कुरतडलीय का, तेही.

टर्मिनल साफ करायला दहा नंबरचा पाना पुरतो. गाडी बंद ठेवून आधी निगेटिव्ह सोडवा, मग पॉझिटिव्ह. कपभर गरम पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा. फसफसतं ते बुऱ्यातलं आम्ल. पाणी बॅटरीच्या भोकांत जाऊ देऊ नका. पुसून, कोरडं करून आधी पॉझिटिव्ह, मग निगेटिव्ह घट्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर मल्टिमीटरवर 12.6 व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, 12च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. इंजिन चालू असताना साधारण 14 दिसायला हवेत. 13 सुद्धा दिसत नसतील तर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर दाखवून घ्या.

पुराच्या पाण्यात उभी राहिलेली गाडी मात्र अजिबात सुरू करून बघू नका. 2021च्या जुलैतला चिपळूणचा पूर आठवा. पाणी दाबलं जात नाही. ते सिलिंडरमध्ये शिरलं असेल तर एका सेल्फमध्ये पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि टोचन करून गॅरेज गाठा.