ओएच मोजायला शिकताना

एमएस्सी झाल्यावर ऐरोलीहून रोज लॅबला जायला लागले, तेव्हा आई विचारायची, "अगं, दिवसभर मोजतेस तरी काय?" वातावरणात आणि ताऱ्यांमधल्या ढगांत रेणू एकमेकांशी किती वेगाने अभिक्रिया करतात, ते. या कामाकडे वळणाऱ्यांसाठी हे लिहितेय.

ओएच मूलक (ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या एकेका अणूचा, चटकन अभिक्रिया करणारा तुकडा) पाहायचा तर 248 नॅनोमीटरचा लेझर हायड्रोजन पेरॉक्साइडच्या वाफेवर सोडतात; रेणू फुटून ओएच तयार होतात. दुसरा लेझर, 282 नॅनोमीटरचा, त्यांना चेतवतो आणि ते 308 च्या आसपास चमकतात. दोन लेझरमधला अवधी वाढवत नेला की चमक विझत जाताना दिसते. ज्या वायूशी ओएचची अभिक्रिया मोजायची, तो ओएचच्या शेकडो पट ठेवायचा. मग ओएच नेमके किती आहेत हे कळायची गरजच उरत नाही! वायूचं प्रमाण बदलत पाच-सहा वेळा मोजायचं. विझण्याचा वेग आणि वायूचं प्रमाण यांच्या आलेखाचा चढ म्हणजे रेट कॉन्स्टंट, अभिक्रिया किती वेगवान आहे ते सांगणारा आकडा. पण म्हणूनच त्या वायूचं प्रमाण चुकलं की सगळंच चुकलं.

पहिल्या जुलैत माझे बिंदू एका रेषेत येईचनात. वायू न सोडताही चमक रोज वेगळ्या वेगाने विझायची. तीन आठवडे मी लेझरलाच दोष देत होते. शेवटी सगळे व्हॉल्व्ह बंद करून रात्रभर ठेवले. सकाळी दाब वाढलेला. मीच बसवलेल्या एका जोडातून बाहेरची दमट हवा आत येत होती.

अतिशय कमी तापमानातली मोजमापं मला सगळ्यात प्रिय. भांडं थंड केलं तर वायू भिंतींवर गोठतो, म्हणून वायू लावाल नोझलमधून (मध्ये अरुंद होऊन पुन्हा रुंदावणाऱ्या तोटीतून) स्वनातीत वेगाने सोडून थंड करतात. तापमान वाढलं की वेग वाढतो, हे आपण कॉलेजात घोकलेलं. पण 2013 मध्ये इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठाच्या गटाने दाखवलं की ओएच आणि मिथेनॉलची अभिक्रिया 63 केल्व्हिनला 200 केल्व्हिनपेक्षा जवळपास शंभरपट वेगवान होते. थंडीत दोघांची सैल जोडी जास्त वेळ टिकते आणि हायड्रोजन ऊर्जेचा अडथळा न चढता टनेलिंगने, म्हणजे क्वांटम नियमांनुसार आरपार, पलीकडे जातो.

नेट-गेटची तयारी कराच, पण व्हॅक्यूम आणि पायथनही शिका. आणि पहिल्याच आठवड्यात फ्लोमीटरचं (वायूचा प्रवाह मोजणाऱ्या उपकरणाचं) कॅलिब्रेशन स्वतः मागून घ्या. काचेच्या नळीत वायूने वर ढकललेला साबणाचा पडदा खालच्या खुणेवर आला की स्टॉपवॉच चालू, वरच्या खुणेवर बंद. हे दहादा करा.