पावसाळ्याआधी गावचा जुना मातीचा तलाव कसा तपासावा

१९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमीच्या कामांवर बांधलेले अनेक पाझर तलाव आज पन्नाशीला आले आहेत. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा मुख्यतः १५ मीटरपेक्षा उंच, आणि काही अटींवर १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांना लागू होतो. त्याहून लहान तलावाकडे गावकऱ्यांनी स्वतः लक्ष ठेवलेले बरे. पाहणी मे महिन्यात, पाणी खाली गेलेले असताना आणि झुडपे वाळलेली असताना करावी, आणि तलाव भरल्यावर पुन्हा एकदा करावी.

सुरुवात सांडव्यापासून करावी. मातीच्या भरावावरून पाणी वाहू लागले की भराव काही तासांत कापला जाऊ शकतो, म्हणून पुराचे पाणी सांडव्यातूनच गेले पाहिजे. उन्हाळ्यात चार दिवस पाणी जास्त टिकावे म्हणून सांडव्यावर वाळूच्या गोण्या रचण्याची हौस अनेक गावांत असते. त्या पावसाआधी काढाव्यात, गाळ आणि बाभळी हटवाव्यात. सांडव्याच्या तोंडाशी कोणी शेत वाढवले असेल, तर गावकी सांभाळत बसण्यापेक्षा ग्रामपंचायतीने ते वेळीच मोकळे करून घ्यावे.

नंतर माथ्यावरून चालत जावे. माथा एखाद्या ठिकाणी खोलगट झाला असेल, तर पूर प्रथम तिथूनच उलटेल. लांबीच्या दिशेने गेलेल्या भेगेपेक्षा माथा आडवी छेदून पाण्याकडून कोरड्या बाजूला गेलेली भेग अधिक घातक, कारण ती पाण्याला सरळ वाट देते. उतारावरची लहान झुडपे बुंध्याशी छाटावीत. मोठे झाड मात्र मुळासकट उपटू नये, तो निर्णय अभियंत्यावर सोडावा. घुशी आणि खेकड्यांची बिळे दिसतील तिथे खुणेची काठी रोवावी.

सर्वांत जास्त वेळ पायथ्याशी द्यावा. मातीचे धरण थोडे पाझरतेच, आणि स्वच्छ, स्थिर पाझराने घाबरण्याचे कारण नाही. पाझर एका जागी वळवून दहा लिटरच्या बादलीत धरावा आणि घड्याळ लावावे: बादली वीस सेकंदांत भरली, तर मिनिटाला तीस लिटर. हा आकडा तलावातील पाण्याच्या पातळीसह वहीत नोंदवावा. तेच पाणी काचेच्या बाटलीत तासभर ठेवावे. तळाशी गाळ बसला, किंवा पातळी तेवढीच असताना पाझर वाढला, तर भरावातील माती आतून वाहून जात आहे असे समजावे. अशा वेळी बाहेरून चिखल थापून तोंड बुजवू नये, कारण पाणी दुसरी वाट काढते. अभियंता येईपर्यंत तिथे आधी जाड वाळू, वर खडी, त्यावर दगड असा थर द्यावा, म्हणजे पाणी निघते आणि माती अडते. तलाव घाईने रिकामाही करू नये. पाणी झपाट्याने उतरले तर आतला ओला उतार घसरू शकतो.

गढूळ पाझराची माहिती शाखा अभियंत्याला आणि तहसीलदारांना लेखी द्यावी, पोच घ्यावी. चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले. गळतीबद्दल ग्रामस्थांनी त्याआधी तक्रारी केल्या होत्या. म्हणून पाझर गढूळ असून वाढत असेल आणि पाऊस थांबत नसेल, तर उत्तराची वाट न पाहता ओढ्याकाठची घरे उजेडातच रिकामी करावीत आणि जिल्हा नियंत्रण कक्षाला १०७७ वर कळवावे.