‘फॉरमॅट मार’ म्हणण्याआधी सी५ आणि सी७ बघा

तालुक्याच्या गावी कॉम्प्युटर दुरुस्ती शिकणाऱ्या पोरांसाठी हे लिहितो आहे. विंडोज टाकणं, रॅम बदलणं तुम्हाला येतंच. सी५ आणि सी७ हे डिस्कची तब्येत सांगणारे आकडे आहेत, ते कसे वाचायचे ते इथे सांगतो.

“भाऊ, हा लय हँग होऊन राह्यला,” म्हणत कोणी सीपीयू टेबलावर ठेवला, की हात विंडोजच्या पेनड्राइव्हकडे जातो. तो हात आवरा. त्या डिस्कमध्ये लग्नाचे फोटो असतात, कृषी केंद्राच्या उधारीचा हिशोब असतो. मालकाकडे दुसरी कॉपी नसते, आणि हे तो तुम्हाला आपणहून सांगतही नाही.

आधी टास्क मॅनेजर उघडा. मेमरी भरलेली असेल, म्हणजे विंडोज १० आणि रॅम फक्त ४ जीबी, तर डिस्क बिचारी रॅमचं ओझं वाहते आहे, रॅम वाढवा. मेमरी मोकळी आहे, डिस्क १०० टक्के दाखवते, पण वाचन-लेखन जेमतेम एक-दोन एमबी, आणि रिस्पॉन्स टाइम (डिस्कला उत्तर द्यायला लागणारा वेळ) हजार मिलिसेकंदांच्या पुढे, असं दिसलं तर डिस्ककडेच बघा. मग क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर लावा.

मी इथेच फार दिवस अडकून होतो, कारण यातलं कोणी सांगितलंच नव्हतं. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

वरचं निळं ‘गुड’ बघून समाधान मानू नका. खालच्या यादीत ०५, सी५, सी६ आणि सी७ या ओळी वाचा. ०५ म्हणजे खराब ठरवून बदललेले सेक्टर (डिस्कवरचे डेटा ठेवायचे छोटे कप्पे), सी५ म्हणजे वाचता न आल्याने निकालाची वाट बघणारे, सी६ म्हणजे दुरुस्तच न होणारे. सी५ मध्ये आकडा असेल तर डिस्क तोच सेक्टर पुन्हा पुन्हा वाचायला जाते आणि तेवढा वेळ सगळा पीसी थांबतो.

सी७ चं प्रकरण वेगळं आहे. डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यात जाणारा डेटा वाटेत बिघडला, की तो पुन्हा पाठवावा लागतो, आणि सी७ अशा चुका मोजतो. दोष बहुतेक वेळा साटा केबलचा असतो. आमच्याकडे जिनिंगच्या आसपासच्या दुकानांत कॅबिनेट उघडलं तर आत रुव्याचा थर असतो. तो साफ करताना केबल ढिली होते, किंवा क्लिप तुटलेली जुनीच केबल परत दाबून बसवलेली असते. पीसी रडतो, आणि गिऱ्हाइकाला नवी डिस्क विकली जाते.

आता खरा सापळा. केबल बदलली तरी सी७ चा आकडा शून्य होत नाही. तो आयुष्यभराचा हिशोब आहे, कमी होतच नाही. नवीन माणूस तोच आकडा बघून म्हणतो, डिस्कच गेली. तसं नाही. आकडा कागदावर लिहा, पीसी बंद करा, प्लग काढा, केबल बदला, मग चार-पाच जीबीची फाइल कॉपी करून परत बघा. आकडा तिथेच असेल तर काम झालं. वाढला तर दुसरा पोर्ट वापरून बघा. आणि हे आकडे सुरुवातीला हेक्समध्ये दिसतात, म्हणजे १० दिसलं तर ते सोळा असतात. फंक्शन, अॅडव्हान्स्ड फीचर, रॉ व्हॅल्यूज इथे जाऊन दशमान करून घ्या. ०१ (वाचनातल्या चुका) या ओळीसमोर अवाढव्य आकडा दिसला तर घाबरू नका. काही कंपन्यांच्या धडधाकट डिस्कमध्येही तो तसाच असतो.

सी५ भरलेला असेल तर मात्र फॉरमॅट नाही, चेकडिस्क नाही, डीफ्रॅग तर अजिबात नाही. चेकडिस्कचा ‘आर’ पर्याय सगळी डिस्क खरवडून काढतो, आणि मरायला टेकलेली डिस्क त्यातच जाते. आधी मालकाला विचारून लागतील त्या फाइली काढा. विंडोज अडत असेल तर लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून डीडीरेस्क्यू हे डेटा वाचवणारं सॉफ्टवेअर चालवा. ते चांगला भाग आधी उचलतं, अडलेल्या जागी नंतर परत जातं.

ज्या उस्तादाकडे डिस्क न तपासता ‘फॉरमॅट मार’ एवढंच उत्तर आहे, त्याच्याकडून हात चालवणं शिका, बिघाडाचं निदान करणं शिकू नका. क्विक फॉरमॅटने खराब सेक्टर बरे होत नाहीत. गिऱ्हाईक आठवडाभर खूश राहतं आणि परत येतं. रजिस्ट्री बदलून शंभर टक्क्यांचं शून्य करणारे व्हिडिओही मला पटत नाहीत.

हे सगळं ऐकून दडपण आलं असेल तर चार-दोन पीसी येऊ द्या, नजर बसते. त्यासाठी डिग्री लागत नाही, वही लागते: गिऱ्हाइकाचं नाव, तारीख, चारही आकडे.

डेटा निघाल्यावर एसएसडी सुचवा. सातबारा-पीक विम्याच्या गर्दीत बसणाऱ्या सेवा केंद्रवाल्याला तर नक्कीच. फरक त्याला पहिल्याच दिवशी कळतो. जुनी डिस्क चिठ्ठी लावून मालकाच्या हातात परत द्या. सी५ वाली डिस्क फॉरमॅट करून दुसऱ्याच्या पीसीत कधीही बसवू नका, त्याने स्वस्तात मागितली तरी.