तीन गोळ्यांनीही बीपी उतरत नाही, तेव्हा: किडनीच्या धमनीचं आकुंचन ओळखताना

नवा रेसिडेंट अशा पेशंटला थेट डॉप्लर (धमनीतल्या रक्ताचा वेग मोजणारी सोनोग्राफी) लिहून मोकळा होतो. आधी बीपी मोजायचा कफ, म्हणजे दंडाला बांधायचा पट्टा, बघा. जाड दंडाला लहान कफ लावला की आकडा वर जातो. तीन गोळ्यांत एक लघवी वाढवणारी आहे का, आणि पाकीट संपल्यावर पुढच्या बाजाराच्या दिवसापर्यंत खंड पडतो का, हे विचारा.

बीपी तिशीच्या आत सुरू झालं, पंचावन्नीनंतर एकाएकी भडकलं, फुप्फुसात अचानक पाणी भरतं, किंवा एक किडनी दुसरीपेक्षा दीड सेंटीमीटरने लहान आहे, तर संशय घ्या. तरुण बाईचं बीपी दोन्ही हातांत आणि पायातही मोजा. हातांत फरक असेल, एखादी नाडी मंद लागत असेल तर टाकायासू (मोठ्या धमन्यांना सूज आणणारा आजार) आठवा. बेंबीच्या वर स्टेथोने ब्रुई, म्हणजे अरुंद धमनीतून येणारी रक्ताची घरघर, ऐका. ती नाही आली म्हणून धमनी मोकळी ठरत नाही.

टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल या बीपीच्या गोळ्या सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन (किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढणारा घटक) करा. धमनी अरुंद असली की किडनी गाळणीतला दाब अँजिओटेन्सिन या रक्तवाहिन्या आवळणाऱ्या संप्रेरकाच्या जोरावर टिकवते. औषध तो जोरच काढून घेतं. म्हणून 30 टक्क्यांहून जास्त वाढ झाली की दोन्ही बाजूंच्या आकुंचनाचा विचार करायचा. पण खानदेशात मे महिन्यात इथेच फसगत होते. पारा 45 ला टेकलेला, पेशंट दिवसभर केळीच्या बागेत, कमरेसाठी मेडिकलवरून आणलेलं डायक्लोफेनॅक चालू. एवढ्यानेही क्रिएटिनिन चढतं. जीभ कोरडी आहे का बघा, पेनकिलर बंद करा, टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल तात्पुरतं थांबवा, पाणी भरून काढा आणि काही दिवसांनी तपासणी पुन्हा करा. पोटॅशियम सोबत पाठवाच. या गोळ्यांनी ते वाढतं, केळ्यातही ते भरपूर, आणि रावेर-यावलकडे केळी घरचीच असतात.

डॉप्लर उपाशीपोटी. धमनीतला कमाल वेग सेकंदाला 200 सेंटीमीटरच्या वर आणि महाधमनीच्या वेगाच्या साडेतीन पटींहून जास्त असेल तर आकुंचन लक्षणीय धरतात. मोजताना कोन 60 अंशांच्या पुढे गेला की वेग खोटा फुगतो. ‘गॅसमुळे दिसलं नाही’ हा रिपोर्ट नॉर्मल नव्हे. सीटी अँजिओबद्दल रेडिओलॉजिस्टशी बोला, ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा आकडा) सांगून.

आकुंचन दिसलं की स्टेंट, हा हिशोब सोडा. चरबी साचून झालेल्या आकुंचनात औषधांवर स्टेंटची भर घालून विशेष फायदा दिसला नाही, हे 2014 च्या कोरल चाचणीत आलं. फुप्फुसात वारंवार पाणी भरणारा किंवा औषधं पुरेपूर देऊनही किडनी ढासळत चाललेला पेशंट मात्र वेळ न घालवता पुढे पाठवा.