गावात राहून घराची, जागेची स्वप्नं बघायची तर जरा रीतसर बघा

शहापूर, मुरबाडकडे राहणाऱ्या माणसांचा रात्री जेवणं झाली की एक ठरलेला उद्योग असतो. पडवीत बसायचं आणि इथं खिडकी काढू, तिकडं स्लॅब टाकू, पलीकडची वरकस जमीन विकायला निघाली तर आपणच घेऊ, आणि अगदीच नशीब फळफळलं तर घोडबंदरला टू बीएचके. आमच्याकडे तर सासूबाई पण यात असतात, त्यांना पाच वर्षं झाली मागच्या दारी न्हाणीला पत्रा हवाय आणि आम्ही मात्र मॉड्युलर किचनवर बोलतोय. फुकटची करमणूक आहे, चालू द्या. पण हीच स्वप्नं थोडी नीट बघितली ना, तर घर खरंच सुधारतं आणि भलत्या जागेत पैसे अडकत नाहीत.

आधी एक वही घ्या, मोबाईल नको, कारण मोबाईलमधलं घरातलं दुसरं कोणी वाचत नाही. तीन भाग पाडा, पावसाआधी करायचंच असं, पैसे आले की करू असं, आणि नुसतं स्वप्न. घरात ज्याच्या तोंडून जे येईल ते लिहायचं, तिसरा भाग सगळ्यात मोठा होणार, होऊ दे.

पहिला भाग मात्र पडवीत बसून भरायचा नाही, तो जुलै-ऑगस्टमध्ये भरायचा. आपल्या ठाणे जिल्ह्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, एवढा कडक इन्स्पेक्टर तुम्हाला पैसे देऊन पण मिळणार नाही. गळती कुठं, झड कुठल्या भिंतीवर येते, पागोळ्यांचं पाणी जोत्याजवळ साचतं का, कुठल्या कोपऱ्यात ओल किती फुटापर्यंत चढली, सगळ्याचे फोटो काढून ठेवा आणि भिंतीवर पेन्सिलनं खूण करा. मे महिन्यात मिस्त्री येतो तेव्हा सगळं कोरडं ठणठणीत असतं आणि तो जिथं बोट दाखवेल तिथं आपण मान हलवतो, फोटो असले की निदान वाद घालता येतो.

आता क्रम. लोक गणपतीला पाहुणे येणार म्हणून टाइल्स आणि फॉल्स सीलिंगपासून सुरू करतात आणि वरून गळतंय ते तसंच. माझं म्हणणं, आधी वरचं पाणी, मग खालचं पाणी, मग न्हाणी-संडास, मग वायरिंग, मग चूल-ओटा, आणि टाइल्स-रंग अगदी शेवटी. कौलारू घर असेल तर दरवर्षी कौलं चाळून घ्यायची, फुटकी बदलायची, आणि चाळताना माणूस वर आहे तोवर वासे आणि रिपा टोचून बघायला सांगा, वाळवी वरून दिसत नाही, लाकूड आतून भुसा झालेलं असतं. माकडांचा त्रास असेल तर कौलं काढून पत्रे टाकावेसे वाटतात, ते मी समजू शकते, पण उन्हाळ्यात दुपारी पत्र्याखाली बसवत नाही आणि पावसात टीव्ही ऐकू येत नाही हे पण धरून चाला. पत्रेच टाकायचे ठरले तर जाडी विचारून घ्या, दुकानदार हलका पत्रा रंग दाखवून खपवतो, आणि स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर रबरी वॉशर घालून मारला पाहिजे, खोलगट भागात मारला की तिथूनच पाणी आत.

स्लॅब असेल तर गळतीवर नुसतं केमिकल फासून घेऊ नका. उताराची दिशा बघा, बादलीभर पाणी ओता, ते पाइपाकडे न जाता मध्येच थांबत असेल तर आधी कोबा करून उतार द्यावा लागणार, वरचा लेप नंतर. आणि खालून चढणारी ओल वेगळीच भानगड आहे. जुनी माती-चुन्याची भिंत असेल आणि तिला कोणी सिमेंटचं प्लॅस्टर मारलं असेल तर ओल बाहेर पडायला वाट राहत नाही, मग ती आणखी वर चढते आणि रंगाचे पापुद्रे निघतात, लोक परत रंग मारतात, परत निघतात. जोत्याबाहेर गटार काढून पाणी लांब घालवणं हा यातला सगळ्यात स्वस्त उपाय, पण तो दिसत नाही ना, म्हणून कोणी करत नाही.

पाण्यावरून आठवलं. तानसा, भातसा, वैतरणाची धरणं आपल्याच तालुक्यांच्या उशाला, मुंबईच्या नळाला पाणी, आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याच पाड्यांवर टँकर. यावर कितीही बोललं तरी कमीच, पण हिशोब करा. हजार चौरस फुटाचं छप्पर म्हणजे साधारण ९३ चौरस मीटर, एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर, म्हणजे मोसमात छपरावर दोन लाख लिटरच्या वर पाणी पडतं. सगळं साठवायला कोण जाणार, पण पन्हळ लावून पाच-दहा हजार लिटरची टाकी भरली आणि उरलेलं गाळून विहिरीकडे वळवलं तरी खूप झालं. पहिल्या एक-दोन पावसाचं पाणी मात्र सोडून द्या, छपरावरची धूळ, पाला, पक्ष्यांची घाण सगळी त्यात येते. ही टाकी वहीच्या पहिल्या भागात, किचनच्या आधी.

सोलर हवं असेल तर २०२४ पासून पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३० हजार, २ ला ६० हजार आणि ३ किंवा जास्तला ७८ हजार अनुदान आहे. पण आधी लाइटबिल काढून नाव बघा, बऱ्याच घरांत मीटर अजून वारलेल्या आजोबांच्या नावावर असतो, तो नावावर करून घ्या. छप्पर बदलायचं असेल तर ते आधी, पॅनल नंतर.

माणसं मिळण्याचं गणित पण असतं. दिवाळीनंतर बरीच कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, मेमध्ये सगळ्यांनाच एकदम मिस्त्री हवा असतो आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात तर फोन पण उचलत नाहीत. फेब्रुवारीत ठरवा, वीट-रेती आधी आणून टाका, आणि मजुरी चौरस फुटावर की रोजावर ते कागदावर लिहून घ्या, भाऊबंद असला तरी.

आता जागेची स्वप्नं. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये थेट भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत सुरू झाला तेव्हापासून प्रत्येक चहाच्या टपरीवर एक एजंट आहे आणि प्रत्येकाकडे हायवे टच प्लॉट. बघायला जा, मजा येते, मी पण जाते. फक्त दोनदा जा, एकदा भर पावसात आणि एकदा एप्रिलच्या शेवटी. पावसात कळतं की रस्ता खरंच आहे की तो ओढा आहे, खाचरात पाणी किती दिवस उभं राहतं, आणि एप्रिलमध्ये विहिरीत डोकावलं की बाकी काही विचारायला नको. दिवाळीत सगळ्याच जागा सुंदर दिसतात, एजंट तेव्हाच बोलावतात.

कागद घरबसल्या बघता येतात. सातबारा ऑनलाइन बघायला फुकट, डिजिटल सहीचा पंधरा रुपयांत. मालकाच्या नावाबरोबर इतर अधिकार हा रकाना वाचा, खरी गोष्ट तिथं असते, बँकेचा बोजा, कुळ, नवीन शर्त, भूसंपादन. भोगवटादार वर्ग २, म्हणजे सरकारी अटींवर दिलेली जमीन असेल तर परवानगीशिवाय विक्री होत नाही. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीला परवानगीशिवाय घेता येत नाही, आपल्याकडे अशा जमिनी पुष्कळ आहेत आणि कोणी कुलमुखत्यारपत्रावर (पॉवर ऑफ अॅटर्नीवर) करून देतो म्हणाला तर चहा पिऊन उठा. आपण स्वतः शेतकरी नसाल तर शेतजमीन विकत घेण्यावर १९४८ च्या कूळ कायद्याचं कलम ६३ आडवं येतं. जंगलाला लागून असेल तर वनखात्याची नोंद आहे का ते वेगळं विचारा. मग फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी, मागे मागे वाचत जायचे, त्यात कळतं की तीन बहिणींची नावं कुठं गळाली आणि त्या उद्या येऊ शकतात. गावनकाशा पण काढा, गाडीवाट त्यावर तुटक रेषांनी दाखवलेली असते, नकाशावर वाट नसेल तर शेजारी आज गोड बोलतोय म्हणून भुलू नका. बांधावरून वाट मागायची सोय महसूल कायद्यात आहे, कलम १४३, पण त्यासाठी तहसीलला खेटे घालायला वेळ आणि पायात चपला भरपूर लागतात.

आणि ते दोन-पाच गुंठ्यांचे फार्महाऊस प्लॉट. एक गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट, ऐकायला मस्त वाटतं. पण तुकडेबंदी कायद्यामुळे शेतजमिनीचे असे तुकडे सहज वेगळे होत नाहीत, म्हणून बऱ्याचदा एकाच सातबाऱ्यावर वीस-पंचवीस अनोळखी माणसांबरोबर तुमचं नाव चढतं आणि तुमचा तुकडा नेमका कुठला ते कागद सांगत नाही. कुंपण घातलं म्हणजे हद्द ठरली असं नसतं, भूमी अभिलेखची मोजणी झाली तरच. एनए, म्हणजे बिगरशेती प्लॉट असेल तर एनएचा आदेश आणि मंजूर लेआउट दोन्ही मागा, नुसतं प्रपोज्ड एनए म्हणजे काहीच नाही. गावठाणातलं घर असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा घरपट्टीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नाही, स्वामित्व योजनेत ड्रोन मोजणी होऊन प्रॉपर्टी कार्ड निघालं असेल तर ते बघा, कर्ज काढायच्या वेळी बँक पण तेच विचारते.

ठाण्याच्या फ्लॅटचं स्वप्न तिसऱ्या भागात असू दे, पण तिथं पण महारेराच्या, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या साइटवर प्रोजेक्टचा नंबर टाकून ताबा कधीचा लिहिलाय आणि तो किती वेळा पुढे ढकललाय ते बघता येतं, भाव कार्पेटवर, म्हणजे भिंतींच्या आतल्या वापरायच्या जागेवर विचारायचा. आणि सॅम्पल फ्लॅट बघायला रविवारी दुपारी जाऊ नका, सोमवारी सकाळी नऊला घोडबंदर रोडवरून स्टेशनला जाऊन बघा, आसनगावहून कसारा लोकलमध्ये उभं राहणं बरं वाटायला लागेल कदाचित.

जागा खरंच आवडली तर विसार देण्याआधी वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च, म्हणजे जागेच्या जुन्या व्यवहारांची तपासणी करून घ्या, त्याची फी व्यवहाराच्या मानानं काहीच नसते. विसार पावतीवर गट नंबर, चतुःसीमा, मुदत आणि कागदात खोट निघाली तर पैसे किती दिवसात परत हे लिहिलेलं पाहिजे, पैसे चेकनं द्या, आणि सातबाऱ्यावर जेवढी नावं आहेत तेवढ्या सगळ्यांच्या सह्या, एकट्या थोरल्या भावाची नाही.