किट लेन्सवर जास्वंदीमागची पार्श्वभूमी धूसर होत नव्हती: उपाय

लक्षण: कॅमेऱ्यासोबत मिळालेली १८-५५ मिमी झूम लेन्स, फूल स्पष्ट, पण मागची कुंडी आणि भिंतही तितकीच स्पष्ट. १८ मिमीला एफ/३.५ ठेवून पाहिलं, फरक नाही. नंतर सॉफ्टवेअरमध्ये ब्लर केलं तर पाकळ्यांच्या कडा कापल्यासारख्या दिसल्या. दोन रविवार फुकट गेले.

चूक एफच्या लहान आकड्याच्या मोहात होती. लेन्समधलं छिद्र प्रत्यक्षात जितकं रुंद, तितकी पार्श्वभूमी धूसर; आणि ही रुंदी म्हणजे झूमचे मिमी भागिले एफचा आकडा. १८ मिमीला एफ/३.५ म्हणजे छिद्र जेमतेम ५ मिमी. ५५ मिमीला एफ/५.६ म्हणजे जवळपास १० मिमी.

जमलं ते या क्रमाने. झूम ५५ वर. मोड ए किंवा एव्ही (एफ आपण ठरवायचा, शटर कॅमेरा ठरवतो), एफ/५.६. मागे किमान दोन मीटर मोकळं असेल असं फूल निवडा. भिंतीला टेकलेलं सोडून द्या. कॅमेरा फुलाच्या उंचीला आणा, वरून घेतलं तर माती मागे येते. मग मॅन्युअल फोकस, रिंग सर्वांत जवळच्या टोकाला. आता रिंगला हात न लावता स्वतः पुढेमागे सरका आणि फुलाच्या मधोमध असलेल्या दांड्याच्या टोकावरचे पाच ठिपके स्पष्ट झाले की क्लिक. (ऑटोफोकस इथे हमखास मागच्या पाकळीवर जातो.) वारा असेल तर शटर १/२५० सेकंद किंवा वेगवान, त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) वाढवा.

पुढूनही धूसरपणा हवा असेल तर एक हिरवं पान लेन्सच्या अगदी जवळ, कोपऱ्यात धरा.