हार्ट फेल्युअरमध्ये बीटा-ब्लॉकरचा डोस कसा वाढवत नेतात

हृदयाचा पंप कमी पडू लागला की शरीर नॉरॲड्रेनलिन हे ठोके वाढवणारं संप्रेरक सोडून हृदयाकडून जास्त काम करून घेतं. चार-दोन दिवस हे निभतं. महिनोन् महिने चाललं, की हृदयाच्या स्नायूपेशी पृष्ठभागावरचे बीटा-१ रिसेप्टर (हे संप्रेरक जिथे येऊन बसतं त्या जागा) कमी करतात. आजार बळावलेल्या हृदयात ते जवळपास निम्म्यावर येतात. उरलेल्यांना जीआरके-२ हे एन्झाइम फॉस्फेट चिकटवून मंद करतं. मग संप्रेरक येऊन बसलं तरी पेशीत सीएएमपी हा निरोप पुढे पोचवणारा रेणू पुरेसा तयार होत नाही आणि जिना चढताना ठोके हवे तेवढे वाढत नाहीत. याच रिसेप्टरवर काम करणाऱ्या डोब्युटामिन या औषधाचा परिणाम अशा रुग्णात कमी दिसतो तो यामुळेच. मिलरिनोन हे औषध मात्र या रिसेप्टरवर अवलंबून नसल्याने ते तिथेही काम करतं.

अशा हृदयाला बीटा-ब्लॉकर, म्हणजे हेच रिसेप्टर अडवणारं औषध, द्यायचं हे उफराटंच वाटतं, आणि १९७५ साली स्वीडनमध्ये डॉक्टर फिन वागस्टाइन यांनी ते मोजक्या रुग्णांना दिलं तेव्हा तसंच मानलं जाई. पण संप्रेरकांचा मारा थांबला की काही महिन्यांत आकुंचन सुधारतं. मेटोप्रोलॉल या बीटा-ब्लॉकरने रिसेप्टरची संख्याही पुन्हा वाढते. कार्व्हेडिलॉल या दुसऱ्या बीटा-ब्लॉकरने तशी वाढत नाही, तरी फायदा होतो. म्हणजे सगळं श्रेय रिसेप्टरला देता येत नाही.

इजेक्शन फ्रॅक्शन (डाव्या कप्प्यातलं किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर पडतं तो आकडा) ४० टक्के किंवा कमी असेल तेव्हाची ही पद्धत. आधी पायावरची सूज आणि फुफ्फुसातलं पाणी उतरवायचं. अंगात पाणी असताना सुरुवात केली तर दम वाढतो. सुरुवातीचा डोस अगदी लहान: कार्व्हेडिलॉल ३.१२५ मिग्रॅ दोनदा, बिसोप्रोलॉल १.२५ मिग्रॅ एकदा, मेटोप्रोलॉल सक्सिनेट १२.५ ते २५ मिग्रॅ एकदा. (मेटोप्रोलॉल टार्ट्रेट ही वेगळी गोळी. पाकिटावर 'सक्सिनेट' आहे ना, ते बघा.) किमान दोन आठवड्यांनी, तब्येत स्थिर असेल तर, डॉक्टर डोस दुप्पट करतात. गाठायचा पल्ला अनुक्रमे २५ मिग्रॅ दोनदा, १० मिग्रॅ आणि २०० मिग्रॅ. तिथवर पोचता आलं नाही तर जेवढा सोसतो तेवढा डोस कायम ठेवतात. कार्व्हेडिलॉल जेवणासोबत घ्या, म्हणजे उठताना चक्कर कमी येते. सक्सिनेटची गोळी चुरू किंवा चावू नका.

रोज सकाळी लघवी झाल्यावर, खाण्याआधी वजन करा. तीन दिवसांत २ किलो वाढलं तर डॉक्टरांना कळवा. अशा वेळी बहुधा लघवीच्या गोळीचा डोस वाढवावा लागतो, बीटा-ब्लॉकर कमी करायचा विचार त्यानंतर. नाडी ५०च्या खाली गेली किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तरी त्याच दिवशी विचारा. दमा असेल तर ते सुरुवातीलाच सांगा. मधुमेहात साखर उतरल्यावरची धडधड या गोळीने झाकली जाते. घाम मात्र येतो, त्याकडे लक्ष ठेवा.

व्यायामात नाडीचा आकडा गाठायच्या मागे लागू नका, आजार आणि गोळी दोन्ही तो खाली ठेवतात. चालताना पूर्ण वाक्य बोलता येतंय, एवढा वेग पुरे. आणि गोळी अचानक बंद करू नका: अडवलेले रिसेप्टर एकदम मोकळे होतात आणि नॉरॲड्रेनलिन तर अंगात असतंच.